बेल्ट ग्राइंडरचे सरकते टेबल : ढिलाई कमी करणे

सुरी-पात्यांचा उतार एकाच कोनात घासला जावा म्हणून बेल्ट ग्राइंडरच्या प्लॅटनसमोर, म्हणजे घासपट्ट्यामागच्या सपाट आधारपट्टीसमोर, आडवे सरकणारे टेबल बसवतात. घरी बनवलेल्या टेबलात रूळ आणि सरकता भाग यांच्यामध्ये उरणाऱ्या फटीला ‘प्ले’ किंवा ढिलाई म्हणतात.

सगळी ढिलाई सारखी नडत नाही. पट्टा खाली धावत असेल तर तो टेबलाला खालीच दाबतो, त्यामुळे उभी फट काम चालू असताना बहुधा आपोआप मिटते. घात करते ती टेबलाला पट्ट्याकडे पुढे-मागे हलू देणारी फट, आणि त्याहून जास्त टेबलाचे आडवे वळणे. सरकत्या भागाच्या दोन टोकांच्या बेअरिंगांत ५० मिमी अंतर आणि ०.१ मिमी फट असेल, तर मध्यापासून १५० मिमीवर पाते सुमारे ०.३ मिमी हलते. अंतर १५० मिमी केले की तेच ०.१ मिमीवर येते. पाते मध्यभागी सरळ आणि टोकाकडे लाटालाटांचे निघते, ते यामुळेच. म्हणून महागडी बेअरिंग आणण्याआधी सरकता भाग लांब करावा. तो रुळांमधील अंतराच्या निदान दीडपट असावा.

मोजायला चुंबकी स्टँडवरचा डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) लागतो. स्टँड ग्राइंडरच्या सांगाड्यावर आणि गेजचे टोक टेबलाच्या कडेवर ठेवून हाताने पुढे-मागे ढकलावे. हे मधोमध आणि दोन्ही टोकांना करावे. ०.०५ मिमीच्या आत आले तर घरगुती कामाला पुरे. सांगाडाच लवत असेल तर काटा तरीही हलतो. मग रुळाला दोष देण्यात अर्थ नाही.

ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनेल स्वस्त पडते, पण त्याचा पत्रा पातळ असतो, आणि ते जितके बाहेर येते तितकी आतली पकड कमी होते. २०० मिमी सरकवायचे असेल तर ४५० मिमीचे चॅनेल घ्यावे, मधलाच भाग वापरावा आणि ते आडवे न निजवता उभे बसवावे.

डव्हटेल (आत रुंद होत जाणाऱ्या तिरक्या बाजूंच्या) किंवा चौकोनी खाचेत ३ मिमी पितळी पट्टीची गिब, म्हणजे फट भरणारी पट्टी, घालून बाजूने तीन एम५ स्क्रू आणि लॉक नट लावतात. आधी दोन्ही टोकांचे स्क्रू, मग मधला. टेबल जड होईपर्यंत आवळायचे आणि मग किंचित सोडायचे. लॉक नट कसताना स्क्रू हमखास फिरतो. तो ॲलन कीने धरून ठेवावा. अँगलवर ६०८ क्रमांकाची छोटी बॉल बेअरिंग चालवणार असाल तर एका बाजूचे बोल्ट ०.५ ते १ मिमी विकेंद्री (मध्यापासून सरकलेले) करावेत. बोल्ट फिरवला की फट मिटते, शिम (फटीत घालायचे पातळ पत्रे) कापत बसावे लागत नाही.

दोन रूळ असतील तर दोन्ही एकदम कसू नयेत. पहिला रूळ सरळ करून पक्का कसावा, दुसरा सैल ठेवावा. टेबल एका टोकाला नेऊन त्या टोकाचे बोल्ट कसावेत, मग दुसऱ्या टोकाला नेऊन तिथले. नाहीतर एका टोकाला ढिले आणि दुसऱ्याला जाम, असे टेबल हाती येते, आणि त्यावर उपाय म्हणून लोक सगळेच सैल करतात.

बसवलेले टेबल पुन्हा ढिले होते ते मुख्यतः धुळीमुळे. उघड्या रुळावरच्या तेलात घासकणांची धूळ मिसळली की त्याचे लॅपिंग पेस्ट, म्हणजे धातू घासणारा लेप, होते आणि पितळी गिब झिजते. सरकत्या खाचेत कोरडी ग्राफाइट पूड टाकावी, दोन्ही टोकांना फेल्टचे पुसणे लावावे आणि रुळावर पत्र्याचे छप्पर असावे. हवेच्या फवाऱ्याने साफ करू नये, कण आतच ढकलले जातात, ब्रश बरा.