खकाणा जातो कुठे?

ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या भाजायला घेतल्या की पहिला ठसका स्वयंपाकघरात लागतो आणि मिनिटभरात दुसरा आतल्या खोलीत. ‘अगं, दार लाव ना!’ अशी हाक येते. थोड्या वेळाने खकाणा विरतो, खोकला थांबतो आणि आपण समजतो, हवा मोकळी झाली.

पण नाकाला कळतो तो तिखटपणा. तापलेल्या तेलाच्या धुरातले बारीक कण नाकाला कळत नाहीत. २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही सूक्ष्म असे हे कण. हवा अगदी स्थिर असेल तर २.५ मायक्रॉनच्या कणाला दहा फूट उंचीच्या छतापासून फरशीपर्यंत नुसत्या वजनाने खाली यायला चार तासांहून जास्त वेळ लागतो. फोडणीच्या धुरातले बहुतेक कण तर याहून खूप लहान. बाहेर काढले नाहीत तर ते तासन् तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या कणांसाठी चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली. बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशाची मर्यादा ६० आहे.

‘आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे की,’ असं बहुतेक जण म्हणतात. आमच्याकडेही होता. रोज चालायचा, तरी हॉलच्या पडद्यांना फोडणीचा वास असायचाच. एके दिवशी गॅस बंद ठेवून, पंखा चालू करून मी पेटती अगरबत्ती ओट्यावर धरली. धूर सरळ वर गेला, छताला टेकला आणि निवांत हॉलकडे निघाला. मग तीच अगरबत्ती पंख्याशेजारच्या खिडकीत धरली, तर धुराची रेघ ताडकन वळून पंख्यात शिरली. पंखा खेचत होता, पण शेजारच्या खिडकीतून आलेली ताजी हवाच. ओट्यावरच्या हवेपर्यंत त्याची ओढ पोहोचतच नव्हती. ती खिडकी लावली, हॉलची उघडली आणि पुन्हा अगरबत्ती धरली. आता ओट्यावरचा धूर वाकून पंख्याकडे जाऊ लागला. खर्च शून्य. सगळ्या खिडक्या लावून पंखा चालवला तरी पंचाईतच, कारण आत हवा आली नाही तर बाहेर काय जाणार? पंखा फोडणीच्या आधी लावावा आणि गॅस बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवावा.

जुन्या माळवदाच्या घरांत छताला साणं, म्हणजे धुरासाठी ठेवलेलं भोक असायचं. चुलीचा तापलेला धूर हलका होऊन वर चढायचा, साण्यातून निघून जायचा आणि त्याच्या जागी दारातून गार हवा आत यायची. सगळा धूर जायचा असं नाही, त्या घरांतल्या काळ्या तुळया साक्षीला आहेत. पण आत येणारी वाट आणि बाहेर जाणारी वाट वेगवेगळी होती.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती डासांच्या कॉइलची. पलंगाखाली कॉइल, खिडक्या बंद आणि वर तान्हं बाळ झोपलेलं, हे चित्र घरोघरी दिसतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिनी आणि मलेशियन कॉइल तपासल्या होत्या. एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते, तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील, असं त्यात आढळलं. कृपा करून बाळाजवळ कॉइल लावू नका. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी बसवा.

आणि गॅस गीझर बंद न्हाणीघरात नको, तो बाहेरच बसवा. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, आणि कडी उघडायचंही त्राण उरत नाही. थंडीत खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवली तरी हाच धोका.

हवा शुद्ध करतात म्हणून घेतलेल्या कुंड्या डोळ्यांना छान वाटतात, तेवढ्यासाठी जरूर ठेवा. हा समज ज्यातून पसरला, तो नासाचा १९८९चा प्रयोग हवाबंद पेटीत झाला होता. २०१९च्या एका आढाव्यानुसार, राहत्या घरात वायुवीजनाची बरोबरी करायला चौरस मीटरला निदान १० आणि कदाचित १००० झाडं लागतील. एअर प्युरिफायर घ्यायचाच असेल तर तो तासाला किती घनमीटर हवा गाळतो, हा आकडा बघा. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर. ती हवा तासात पाच वेळा गाळायची तर हा आकडा १७० असायला हवा. कार्बन मोनॉक्साइडवर मात्र त्याचा काही उपयोग नाही.

खिडक्या कधी उघडायच्या? हिवाळ्यात पहाटेची गार हवा ताजी वाटते, पण रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच बसते आणि शहराचा धूर तिच्यात कोंडला जातो. ऊन तापलं की हवा वर उठते, धूरही पसरून विरळ होतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आम्ही हॉलच्या खिडक्या दुपारी बारानंतर सताड उघडतो आणि दिवेलागणीला लावून घेतो. स्वयंपाक चालू असताना मात्र वेळ कोणतीही असो, हॉलची एक खिडकी उघडी असतेच.