आधारगृह

आधारगृह : विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित किंवा घर सोडावे लागलेल्या कमी उत्पन्नाच्या एकल स्त्रीला ठरावीक मुदतीपुरता निवारा आणि त्याच छताखाली पुन्हा उभे राहण्यासाठी लागणारी मदत देणारी निवासव्यवस्था. आश्रम आणि भाड्याची खोली यांच्या मधली ही पायरी होय. समुपदेशन, कोर्टाच्या तारखांना सोबत, एखाद्या कामाचे शिक्षण, मुलांची शाळा या गोष्टी तिच्यात गृहीत असतात; त्या नसतील तर उरते ती कॉट बेसिसची, म्हणजे नुसती खाट भाड्याने देणारी जागा. अशा तात्पुरत्या निवाऱ्याला ‘संक्रमण शिबिर’ म्हटले की मुंबईकराला म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या), तात्पुरत्या म्हणून मिळालेल्या आणि दशके उलटली तरी न सुटलेल्या खोल्या आठवतात. ‘तात्पुरते’ हा शब्द आधारगृहालाही असाच जड जातो.

महाराष्ट्रात या व्यवस्थेची मुळे एकोणिसाव्या शतकातली आहेत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात विधवेला गुपचूप येऊन बाळंत होता येत असे. राहणे आणि शिकणे यांची सांगड पंडिता रमाबाईंनी घातली. त्यांचे शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडले व पुढच्या वर्षी पुण्याला हलले. तिथे शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापली आणि १९०० मध्ये आश्रम पुण्याजवळ हिंगण्याला नेला. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्या हिंगण्याला आल्या, शिकल्या आणि पुढे आश्रमासाठी निधी जमवत थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. भाऊबंद असलेल्या बाईलाही त्या काळी आश्रम ‘अनाथ’ म्हणत होता, यातच बरेच काही आले. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने (१९०९) शिक्षिका आणि परिचारिका घडवल्या. नोकरी हाती आली की बाई आपोआप बाहेर पडे. मुदतीचा वेगळा नियम लागत नसे.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी हळूहळू सरकारी योजनांकडे आली आणि दोन वाटा पडल्या. पहिली संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी : १९६९ ची अल्पमुदत निवास योजना, २००१-०२ ची ‘स्वाधार’, दोन्ही मिळून झालेले ‘स्वाधार गृह’ आणि २०२२ पासून केंद्र सरकारच्या ‘मिशन शक्ती’खालचे ‘शक्ती सदन’. दुसरी कमावत्या स्त्रियांसाठी : १९७२-७३ मध्ये सुरू झालेली नोकरदार महिला वसतिगृहे, आता ‘सखी निवास’. नावे बदलण्याचा उत्साह मात्र दोन्हीकडे सारखाच. बिगरसरकारी संस्थांमध्ये पुण्याजवळील वढू बुद्रुक येथे सिस्टर ल्युसी कुरियन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली ‘माहेर’ प्रसिद्ध आहे. लेकीने हक्काने यावे असे ठिकाण, हा अर्थ नावातूनच पोचतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने पीडितेला निवारागृहात जागा देणे बंधनकारक केले. त्याच कायद्याने तिला राहत्या सासरघरात राहण्याचा हक्कही दिला आहे, हे अनेकदा विसरले जाते.

नियमांची भाषा मुदतीची असते. मदतीच्या पहिल्या थांब्यावर, म्हणजे ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये, ५ दिवस राहता येते. स्वाधार गृहात हिंसाचारग्रस्त स्त्रीला १ वर्ष, इतरांना ३ वर्षे मुभा होती. नोकरदार महिला वसतिगृहात मुदत ३ वर्षांची. सहा-सहा महिन्यांनी वाढवत ती ५ वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. येथील भाडे पगाराच्या प्रमाणात असते : एकटीच्या खोलीला पगाराच्या १५ टक्के, दोघींच्या खोलीला १० आणि सामायिक दालनात ७.५ टक्क्यांपर्यंत. दरमहा १५,००० रुपये मिळवणारी बाई दालनातल्या खाटेसाठी १,१२५ रुपयांहून जास्त देत नाही; खाणावळीचे पैसे वेगळे. खुल्या बाजाराशी तुलना केली तर ही मोठीच सवलत आहे.

पण पगाराचे प्रमाण काढायला पगाराचा कागद लागतो. चार घरची धुणीभांडी करणारी, लग्नाच्या हंगामात पोळ्या लाटणारी किंवा शिवणाचे नगावर पैसे घेणारी बाई कमावती असते, पण तिच्याकडे पगारपत्रक नसते. दोन वाटांच्या मध्ये ती अडकते : संकटग्रस्त म्हणून नोंद व्हावी तर तसे ताजे संकट नाही, नोकरदार म्हणावे तर मालकाचा दाखला नाही. शिवाय अशी वसतिगृहे मुख्यतः शहरांत. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या एकल स्त्रीला तालुक्याच्या गावी असे काही सापडणे कठीण.

मुदत संपल्यावर पुढे काय, हे चांगल्या संस्थेत पहिल्या महिन्यापासून पाहिले जाते. बँकेत स्वतःच्या नावाचे खाते, आधारकार्डावर नवा पत्ता, सासरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी करून वेगळी शिधापत्रिका, पात्र असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. ही कामे रुक्ष वाटतात, पण शिधापत्रिकेतून नाव कमी करायला सासरची मंडळी कार्ड हातात देत नाहीत, इथपासून अडथळे असतात. मग खोली. अकरा महिन्यांच्या कराराआधी डिपॉझिट हवे, आणि ‘एकटी बाई’ म्हटल्यावर घरमालकाचे प्रश्न भाड्याच्या पलीकडे जातात. म्हणून काही संस्था मुदत संपून बाहेर पडणाऱ्या दोघी-तिघींना एकत्र खोली घ्यायला लावतात व संस्थेची कार्यकर्ती घरमालकाशी बोलून घेते.

सर्वांत अवघड नियम मुलग्यांच्या वयाचा. मुलीला आईजवळ १८ वर्षांपर्यंत राहता येते. मुलग्यासाठी मर्यादा स्वाधार गृहात ८ वर्षे, तर नोकरदार महिला वसतिगृहात जुन्या नियमांनुसार ५ वर्षे होती. ‘सखी निवास’मध्ये ती १२ वर्षांपर्यंत नेली आहे. त्यापुढच्या मुलासाठी आईला बालगृह, आश्रमशाळा किंवा नातेवाइकाचे घर शोधावे लागते. अनेकदा ते नातेवाईक तिच्या सासरचेच असतात.