उरलेला रंग गटारात ओतण्याआधी एवढं वाचा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर सांगलीत घरोघरी रंगकाम निघतं. काम संपतं, रंगारी पैसे घेऊन जातो आणि दोन-तीन अर्धे डबे माळ्यावर चढतात. चार-पाच वर्षांनी कुणीतरी आवराआवरी काढतं, डबे खाली येतात आणि रंग मोरीत नाहीतर दारापुढच्या गटारात जातो. आमच्या दुकानातून गेलेल्या रंगाचं असं होऊ नये, म्हणून हे पत्रक तुमच्या बिलासोबत देत आहोत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमचं गोदामही बुडालं. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत तांबड्या रंगाचा पट्टा बसला होता, डब्यांची झाकणं गाळात रुतली होती आणि साचलेल्या पाण्यावर टर्पेंटाइनचा तवंग होता. बाकीचा रंग पाण्याबरोबर कृष्णेत गेला. तिथूनच आपण पिण्याचं पाणी उचलतो, खालच्या अंगाची गावंही उचलतात. तेव्हापासून आम्ही डबे वरच्या फळीवर ठेवतो. सखल भागात राहत असाल तर तुम्हीही पावसाळ्याआधी तळमजल्यावरचे डबे वर हलवा.

आधी रंग ओळखा

डब्यावर तो कशानं पातळ करायचा ते लिहिलेलं असतं. पाणी लिहिलं असेल तर तो डिस्टेंपर किंवा इमल्शन, म्हणजे पाण्याचा रंग. टर्पेंटाइन किंवा थिनर लिहिलं असेल तर ऑइलपेंट. पुढचं सगळं यावर ठरतं.

पाण्याचा रंग चांगला असेल तर वाळवून वाया घालवू नका. झाकण उघडून वास घ्या. कुजकट वास नसेल आणि काठीनं ढवळल्यावर रंग एकजीव होत असेल, तर वरची साय काढून जुन्या ओढणीतून गाळा. जिन्याखालची भिंत, कंपाउंड, गावाकडचा गोठा, कुठेही एक हात मारता येतो. खराब झालेला थोडा रंग असेल तर वखारीतून लाकडाचा भुसा आणा. थालीपिठाच्या पिठाइतका घट्ट होईपर्यंत रंगात कालवा आणि जुन्या वर्तमानपत्रावर पातळ पसरा. दोन-तीन दिवस गच्चीवर ऊन द्या, पोरं आणि मांजरं लांब ठेवा. बोटानं दाबून पाहा, आत ओल लागली तर अजून वाळू द्या. कडक झाला की वेगळ्या पिशवीत बांधा.

ही पिशवी ओल्या कचऱ्यात टाकू नका. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. असा कचरा जमा करायला दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावं, असंही त्यात म्हटलं होतं. घंटागाडीवाल्याला पिशवीत काय आहे ते सांगून द्या आणि आपल्या प्रभागाच्या स्वच्छता निरीक्षकांकडे केंद्राची चौकशी करा. आपण विचारत राहिलो तरच ही सोय नीट चालते.

ऑइलपेंट मात्र घरी वाळवू नका, जाळू तर मुळीच नका. झाकण घट्ट ठोकून डबा तसाच जमा करा. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन बरणीत झाकून रात्रभर ठेवा, गाळ खाली बसतो. वरचं नितळ टर्पेंटाइन पुन्हा वापरता येतं.

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते

दारं-खिडक्यांना जवसाचं उकळलेलं तेल लावतात. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. त्या उघड्यावर, सावलीत, एकेक सुटी पसरून कडक होऊ द्या. पोत्यात कोंबू नका. रंगाऱ्यालाही हे तोंडी सांगा.

जुने डबे

घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या डब्यांत, विशेषतः भडक पिवळ्या-तांबड्या ऑइलपेंटमध्ये, शिसं बरंच जास्त असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. असा रंग पाळण्याला, खेळण्यांना, शाळेच्या बाकांना लावू नका. दारावरचा जुना थर खरवडायचा असेल तर कोरडा घासू नका, पाणी मारून पॉलिशपेपर फिरवा.

बेंदराला बैलांची शिंगं रंगवायला उरलेला ऑइलपेंट मागणारे दरवर्षी येतात. आम्ही देत नाही. जनावरं एकमेकांना चाटतात. हुरमुंज, म्हणजे तांबडी माती, लावा.

२० लिटरच्या रिकाम्या बादल्यांत पिण्याचं पाणी किंवा धान्य भरू नका. पत्र्याचा डबा आतून पूर्ण वाळला की भोक पाडून घातक कचऱ्यातच जमा करा.

उरूच नये म्हणून

खोलीच्या चारही भिंतींची लांबी मिळवा, उंचीनं गुणा, दारं-खिडक्या वजा करा. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली असेल तर भिंती ४४० चौरस फूट. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतं ते डब्यावर छापलेलं असतं, त्यानं भागा. छापलेला आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा, ते मात्र नीट वाचा. माप घेऊन आलात तर हिशेब आम्ही करून देऊ. कमी पडला तर एक लिटर नंतर न्या, पण ‘असू दे’ म्हणून मोठी बादली घेऊ नका.

न उघडलेला, आमच्याकडूनच नेलेला, शेड न मिसळलेला डबा महिनाभरात बिलासह परत घेतो. उघडलेला पण चांगला पाण्याचा रंगही आणून द्या. आम्ही तो गाळून दाराशी ठेवतो, ज्याला हवा तो फुकट नेतो. आणताना डबा उभा ठेवा आणि वर शेड नंबर लिहा.