‘राहून गेले’ की ‘वगळले’? इंग्रजी अर्ज करणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

सप्रेम नमस्कार.

आमच्या नाशिकच्या भाषांतर कार्यालयात सातबारा उतारे, जन्मदाखले, विम्याचे दावे आणि द्राक्ष निर्यातीचे करार इंग्रजीत करून घेण्यासाठी येणारे ग्राहक पुष्कळदा स्वतः लिहिलेला इंग्रजी अर्जही तपासायला देतात. एखादी गोष्ट कागदावर आलेली नाही हे सांगताना त्यात क्रियापदाची निवड अनेकदा चुकते, आणि अर्जदाराच्या मनात नसलेला अर्थ अर्जात उमटतो.

‘नाव राहून गेले’ म्हटले की ते नजरचुकीने झाले आणि ‘नाव वगळले’ म्हटले की कोणीतरी ते ठरवून केले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. इंग्रजीतील ‘ओमिट’ आणि ‘लीव्ह आउट’ ही क्रियापदे मात्र दोन्ही प्रसंगी चालतात. ‘एक्स्क्लूड’मध्ये हेतू गृहीत असतो, ‘स्किप’मधूनही सहसा जाणूनबुजून टाळल्याचाच बोध होतो, म्हणून राहिलेल्या रकान्याविषयी बँकेला किंवा विमा कंपनीला लिहिताना ते वापरू नये.

समजा, निफाड तालुक्यातील एका कुटुंबाच्या वारसनोंदीत धाकट्या बहिणीचे नाव राहून गेले आहे. दुरुस्तीच्या अर्जात ‘हर नेम वॉज एक्स्क्लूडेड’ असे लिहिल्यास भावांनी तिला मुद्दाम डावलले, असा वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा समज होऊ शकतो. ‘हर नेम वॉज इनॲडव्हर्टंटली ओमिटेड’ असे लिहिले की ते अनवधानाने झाल्याचे स्पष्ट होते. परंतु बहिणीने हक्कसोडपत्र करून दिले असेल, तर हे वाक्य खोटे ठरेल; तेथे तिने हक्क सोडला, म्हणजे ‘रिलिंक्विश्ड हर राइट’, असेच लिहिले पाहिजे.

कायद्याच्या दुरुस्तीत ‘शॅल बी ओमिटेड’ हे शब्द आले, तर तेथे नजरचुकीचा प्रश्नच नसतो. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 19(1) मधील मालमत्तेविषयीचा उपखंड ‘एफ’ गाळला, तो याच क्रियापदाने. विमा पॉलिसीतील ‘एक्स्क्लूजन्स’ म्हणजे कंपनी ज्यांची भरपाई देणार नाही अशा बाबी. हा भाग सही करण्यापूर्वी अवश्य वाचावा.

सातपूर आणि अंबडच्या कारखानदारांसाठी बिलावरील ‘ई अँड ओ ई’ या अक्षरांविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. त्यांचा विस्तार ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’ असा असून, बिलात चूक झाली किंवा काही राहून गेले तर ते दुरुस्त करण्याचा अधिकार बिल देणारा राखून ठेवतो, असा त्याचा आशय आहे. येथील ‘एक्सेप्ट’ हे अपवाद करण्याचे क्रियापद आहे. छपाईत त्याच्या जागी स्वीकारण्याचे ‘ॲक्सेप्ट’ पडले, तर चुका मान्य आहेत असा उलटा अर्थ निघतो. म्हणून बिलबुक छापायला देताना या शब्दाचे स्पेलिंग स्वतः तपासावे.

‘मिस आउट’ ब्रिटिश इंग्रजीत राहून जाण्यासाठी वापरतात. त्यापुढे ‘ऑन’ आले की संधी हुकणे असा अर्थ होतो. औपचारिक अर्जात ते न वापरणे बरे.

भाषांतरात आम्ही मूळ कागदावरील काहीही गाळत नाही. पुसट शिक्क्याच्या जागी तो वाचता येत नसल्याची नोंद करतो. दुरुस्तीचा अर्ज करावयाचा असल्यास मूळ कागद सोबत आणावा आणि माहिती चुकून राहिली, कोणी काढली, की ती लागूच नव्हती, हे आम्हाला आधी सांगावे.