लाकडी ठोकळ्यांची पुस्तकं घेण्यापूर्वी

लाकडी ठोकळ्यांवर कोरलेल्या चित्रांचं, खासगी छापखान्याने मोजक्या क्रमांकित प्रतींत काढलेलं पुस्तक हातात आलं की बहुतेक ग्राहक आधी प्रतीचा क्रमांक शोधतात. आमचं म्हणणं, आधी शेवटची मुद्रणनोंद वाचा. कागद, खिळे (म्हणजे छपाईची धातूची अक्षरं), एकूण प्रती आणि चित्रं कोरणाऱ्याचं नाव बहुधा तिथेच सापडतं.

चित्र काढणारा आणि कोरणारा एकच असतो असं नाही. विल्यम मॉरिस यांनी इंग्लंडमध्ये १८९१ साली केल्मस्कॉट प्रेस काढला. तिथे १८९६ मध्ये छापलेल्या, इंग्रज कवी चॉसर यांच्या ग्रंथातली ८७ चित्रं चित्रकार बर्न-जोन्स यांची, पण ठोकळे कोरले हूपर या कारागिराने. १९२४ मध्ये गोल्डन कॉकरेल प्रेस हाती घेणारे रॉबर्ट गिबिंग्ज मात्र स्वतःच कोरणारे होते. आम्हाला दुसरा प्रकार जास्त आवडतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस ब्यूइक यांनी रूढ केलेल्या लाकूड कोरण्याच्या या पद्धतीत बॉक्सवुड या कठीण लाकडाचं खोड आडवं कापून त्या तोंडावर बारीक टोकाच्या हत्याराने कोरतात. कोरलेला भाग पांढरा राहतो, उरलेला शाई घेतो. ठोकळ्याची उंची खिळ्यांइतकीच असल्याने मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापता येतात, म्हणून दोन्हींचा काळा रंग जुळतो. पान तिरप्या उजेडात धरा. दाबाची पुसट खूण दिसेल. तेवढ्याने खात्री मात्र होत नाही, कारण ठोकळ्यावरून तयार केलेल्या धातूच्या प्लेटचाही दाब उमटतो. शेवटी नोंदीवरच यावं लागतं.

आता क्रमांकाचं. बॉक्सवुड हजारो ठसे सहज सोसतं आणि क्रमांक बहुधा छपाईच्या क्रमाने दिलेलेही नसतात. ३ नंबरच्या प्रतीत ३०० नंबरपेक्षा चांगली छपाई मिळेल, असं समजून जादा पैसे मोजू नका. विशेष बांधणीच्या किंवा चर्मपत्रावरच्या मोजक्या प्रतींची गोष्ट वेगळी. केल्मस्कॉट चॉसरच्या कागदावर ४२५ प्रती निघाल्या, चर्मपत्रावर फक्त १३.

किंमत खरी ठरते ती अवस्थेवर. पाठीचा रंग उडालेली, तांबूस डाग पडलेली, कडा छाटून पुन्हा बांधलेली प्रत स्वस्त मिळाली तरी विचार करून घ्या. डाग घरी पुसू नका. पुस्तक उन्हापासून आणि ओलीपासून दूर, उभं ठेवा. फार मोठं असेल तर आडवं.

पानांच्या घड्या न कापलेल्या असल्या तर तो दोष नव्हे. वाचण्यासाठी कापायच्याच असतील, तर बोथट हाडी सुरीने, सावकाश. बोट घालून फाडू नका.