सुपरकंडक्टिंग चिप टेस्टिंगला पाठवताय? आधी हे वाचा

नमस्कार! सुपरकंडक्टिंग, म्हणजे अतिथंड झाल्यावर विजेला अजिबात रोध न करणारी चिप बनवायला महिनोन्‌महिने जातात आणि ती मरते कुठे, तर डबीतून काढताना, चिकटवताना, नाहीतर गार करताना. आम्ही पॅकेजिंग आणि ४ केल्विनला (उणे २६९ अंश सेल्सिअस) टेस्टिंग दोन्ही करतो, म्हणून अगदी कळकळीने सांगतोय.

पहिलं म्हणजे मल्टिमीटर लावू नका. ‘बघू जरा कनेक्शन आहे का’ म्हणूनसुद्धा नको. जोसेफसन जंक्शन म्हणजे दोन सुपरकंडक्टरमधला सांधा, त्यातला ऑक्साइडचा थर जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा, हातातल्या स्टॅटिकनेही तो जातो आणि वरून काहीच दिसत नाही, मायक्रोस्कोपखाली चिप नवीकोरी. अँटिस्टॅटिक डबीत घाला आणि तशीच पाठवा.

आता पॅकेजिंग. खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनला जाताना तांबं साधारण ०.३ टक्के आकसतं आणि सिलिकॉन त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही नाही, म्हणजे १० मिमीच्या चिपखाली तांबं जवळजवळ ३० मायक्रॉन सरकतं, मग मध्ये कडक इपॉक्सीचा जाड थर असला की चिपला तडा गेलाच समजा. आम्ही वार्निशचा पातळ हात देतो, मोठी चिप असेल तर स्प्रिंगच्या पट्टीने दाबून बसवतो. वायर बॉंडिंग, म्हणजे चिप बोर्डला बारीक तारेने जोडणं, २५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनियम तारेने, अल्ट्रासॉनिकवर, गरम न करता, कारण नायोबियम धातूची जंक्शन्स जास्त तापली की त्यांचा क्रिटिकल करंटच (रोध न येता वाहू शकणारा जास्तीत जास्त करंट) बदलतो.

बोर्ड तुमचा असेल तर एक बघा, सोन्याच्या मुलाम्याखाली बहुतेक वेळा निकेल असतं आणि निकेल चुंबकीय. आमच्याकडे दोऱ्याला बांधलेला छोटा मॅग्नेट आहे, प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक स्क्रू त्याच्यासमोर धरतो, दोरा जरा हलला की तो पार्ट बाद. नायोबियम ९.२ केल्विनला सुपरकंडक्टिंग होतं, त्या क्षणी आसपास जे चुंबकीय क्षेत्र असेल ते चिपमध्ये अडकून बसतं, मग चांगलं सर्किटही चुकीचं उत्तर देतं. म्हणून चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या म्यू-मेटलचे दोन डबे आणि ९.२ केल्विनचा तो टप्पा अगदी सावकाश. तरी फ्लक्स, म्हणजे हेच चुंबकीय क्षेत्र, अडकलाच तर १२ केल्विनपर्यंत वर आणून परत गार करतो.

बाहेर काढायची घाई मात्र कधीच नाही. सुरुवातीच्या दिवसांत ऐन जुलैत आम्हीच एकदा चिप धरणारा प्रोब गार असताना उघडला, मिनिटभरात चिपवर दव आणि पुढच्या आठवड्यात पॅड काळे पडलेले. तेव्हापासून पूर्ण गरम होईपर्यंत प्रोब कोरड्या हेलियममध्येच राहतो, रिपोर्ट एक दिवस उशिरा मिळाला तरी चालेल.

अ‍ॅल्युमिनियमचे क्यूबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे बिट) असतील तर ते १.२ केल्विनच्याही खाली लागतात, त्यांना त्याहून खूप खाली गार करणारा डायल्यूशन फ्रिज हवा, तो आमच्याकडे नाही, फक्त पॅकेजिंग करून देऊ.

खर्चाचं सांगायचं तर मोठा भाग गार करणाऱ्या द्रव हेलियमचा, १ वॉट उष्णता आत गेली की तासाला जवळपास दीड लिटर उडतं, त्यामुळे चार चिप असतील तर एकदमच पाठवा. आणि फॉर्मवर डिझाइनचा क्रिटिकल करंट नक्की लिहा, तो नसला की करंट कुठवर वाढवायचा हेच आम्हाला कळत नाही.