किलोमीटर का तास? ट्रकच्या ऑइल बदलीची पार्श्वभूमी

"ऑइल काळं पडलं की टाक बदलून" असं आपल्याकडचे जुने मेस्त्री सांगायचे. पण डिझेल इंजिनात ऑइल काळं होतं कारण ते काजळी पोटात धरून ठेवतंय, म्हणजे त्याचं काम बरोबर चाललंय. खरी अडचण गंधकाची होती. नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालायचं, ते जळलं की आम्ल तयार व्हायचं आणि ऑइलमधला आम्ल मारणारा क्षार (टीबीएन हे त्याचं माप) भराभर संपायचा, त्यामुळं लवकर बदलणं बरोबरच होतं. पुढं २०१७ ला बीएस-४ हा धुराचा नियम देशभर लागला, गंधक ५० पीपीएम (दहा लाखात ५० भाग), २०२० ला बीएस-६ आलं आणि ते १० वर. ऑइलपण सीआय-४, सीके-४ अशा दर्जांनी सुधारत गेलं, मग कंपन्यांनी ऑइल बदलायचे किलोमीटर वाढवत नेले.

पण किलोमीटरच का? ट्रॅक्टरला, जेसीबीला पहिल्यापासून तास मोजायचं मीटर, कुणी विचारत नाही की ट्रॅक्टर किती किलोमीटर पळला. ट्रकच्या डॅशबोर्डवर मात्र किलोमीटर दिसायचे म्हणून कंपनीच्या पुस्तकात तेच छापलं, आणि माझ्या मते गोंधळ तिथंच झाला. हायवेला सरासरी ४० च्या स्पीडनं १८,००० किमी म्हणजे ४५० तास. तीच गाडी वाळव्याकडं ऊस ओढायला लागली, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावून इंजिन चालूच, सरासरी १५ वर आली की तेवढ्याच किलोमीटरला १,२०० तास झाले. मीटर सारखंच, ऑइलचं आयुष्य पार वेगळं. आणि उभ्या गाडीत इंजिन नीट तापत नाही, त्यामुळं न जळलेलं डिझेल ऑइलात उतरतं ते वेगळंच. पुस्तकात 'हेवी ड्यूटी वापर असल्यास लवकर बदला' अशी बारीक अक्षरातली ओळ असते, पण ऊस वाहतूक त्यात धरायची का नाही यावर मालक आणि सर्व्हिसवाले भांडतात, वॉरंटीच्या वेळी तर जास्तच.

ऑइलचा नमुना तपासून ठरवायची पद्धत तशी जुनी, अमेरिकेत रेल्वे इंजिनांवर १९४० च्या दशकातच सुरू झाली. आपल्याकडं एकदोन गाड्यांचा मालक अजून डिपस्टिक बोटांवर घासूनच बघतो. आताच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजिनाचे एकूण चालू तास आणि गाडी उभी असताना इंजिन चालू राहिलेले तास दोन्ही लिहून ठेवतो, स्कॅनर लावला की निघतात, तरी काचेवरच्या स्टिकरवर पुढच्या बदलीचे किलोमीटरच लिहिलेले असतात.